तीनशे दोनचा खांब

वारज्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मी, कोड न लिहिता ॲप बनवतात त्या टूलमध्ये, घरटी पाणीवापराचा चार्ट केला होता. सभेत तो भिंतीवर उमटला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मूर्खासारखा मी तो मीटरच्या नोंदींना जोडायचाच विसरलो होतो. दिसत होते ते चाचणीसाठी मनाला येतील तसे टाकलेले आकडे, आणि त्यांत तीनशे दोन नंबरच्या फ्लॅटचा खांब सगळ्यांत उंच.

अध्यक्ष म्हणाले, "तीनशे दोनमध्ये रोज अभिषेक असतो वाटतं!"

तिथल्या काकू उभ्या राहिल्या. "मुलगी बाळंतपणाला आलीय हो. बाळाचे कपडे उद्यापासून बहिणीकडे धुईन."

मी लॅपटॉप मिटला. आकडे खोटे आहेत हे मात्र सांगितलं नाही.

चार्ट घरी दोन मिनिटांत दुरुस्त झाला. काकूंच्या गॅलरीतली दुपट्यांची दोरी अजून रिकामीच आहे.