उन्हात न दिसणारा पडदा

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण मे महिन्यातली ती दुपार मनातून जात नाही. गुन्हा तसा नेहमीचाच होता. तूरडाळीची पोती भरून जळगावहून सुरतेकडे निघालेला ट्रक धुळ्याला पोहोचलाच नाही. ड्रायव्हरचा फोन बंद होता. मालकानं दुसऱ्या दिवशी आमच्या ठाण्यात फिर्याद दिली, आम्ही गुन्हा दाखल करून नाकाबंदी लावली. मालाची काळजी विमा करतो. मला काळजी ड्रायव्हरची होती. असे लुटारू ड्रायव्हरला बांधून आडरानात टाकतात, आणि खान्देशातल्या मे महिन्यात रानात पडलेला माणूस पाण्यावाचून किती टिकेल हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी जामनेरकडच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या.

"साहेब, एक ट्रक आलाय टायर बदलायला. नंबरप्लेटचा रंग अजून ओला आहे. आणि चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीतला जॅक सापडत नाहीये."

आम्ही पोहोचलो तेव्हा तिघांतले दोघं पळाले होते. एक हाती लागला. तिशीतला, शांत चेहऱ्याचा. त्याला ठाण्यात आणून समोर बसवलं. मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिलो, ड्रायव्हर कुठे आहे? तो भिंतीकडे बघत राहिला. असा गप्प बसणारा आरोपी दरडावल्यानं बोलता होत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. पण त्या दिवशी थांबायला वेळ नव्हता.

तेवढ्यात माझा वॉकीटॉकी वाजला. हे नवे डिजिटल सेट तेव्हा नुकतेच आले होते. आवाज स्वच्छ, पण त्यावरचा पडदा म्हणजे वैताग होता. उन्हात तो काळ्या काचेसारखा दिसायचा. सावलीत अक्षरं उमटायची ती मुंगीएवढी. वाचायला चष्मा शोधावा, तोवर उजेड विझायचा. बटण दाबून उजेड करायला जावं, तर भलतीच यादी उघडायची. मी खिडकीपाशी जाऊन सेट तिरपा करून बघत होतो, कोणत्या चॅनेलवर आहे ते कळेना.

मागून आवाज आला, "खिडकीकडे पाठ करा साहेब. शर्टाच्या आत धरून बघा."

मी वळलो. आरोपी पहिल्यांदाच बोलला होता.

"तुला काय माहीत?"

"एका मिलमध्ये वॉचमन होतो. असलाच डबा दिला होता. पार डोकं उठायचं. एकदा गोदामात आग लागली, मी ओरडतोय, आणि चॅनेल भलतंच."

"आमच्याकडे तर दोन जिल्ह्यांची चॅनेलं एकसारखी दिसतात," मी म्हणालो. "नावं 'खान्देश जळगाव' आणि 'खान्देश धुळे'. पडद्यावर मावतं फक्त 'खान्देश'."

तो हसला. मीही हसलो. मी चहा मागवला. आम्ही दोघं त्या यंत्राला मनसोक्त शिव्या देत बसलो. एकाच गोष्टीनं वैतागलेली माणसं फार वेळ परकी राहत नाहीत. चहा संपल्यावर मी हळूच म्हणालो, "तो ड्रायव्हरही कुठंतरी ओरडत असेल बघ."

त्यानं कप खाली ठेवला. "गावाचं नाव माहीत नाही साहेब. एरंडोल सोडल्यावर डाव्या हाताला वळलो. टेकड्या होत्या. एका टेकडीवर टॉवरचा लाल दिवा होता, त्याच्या पलीकडच्या उतारावर. झाडाला बांधलंय."

आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा ऊन ऐन भरात होतं. तसा टॉवर दोन टेकड्यांवर होता. मी तुकड्या पाडल्या. माझा एक हवालदार, चाळिशी उलटलेला चिवट माणूस, एकटाच पलीकडच्या उताराला गेला. बराच वेळ त्याचा आवाज आला नाही. मी पुकारत होतो, उत्तर नाही. टॉवर विजेच्या लाइनचे होते, तिथं मोबाईलची रेंजही नव्हती.

तिकडे काय घडत होतं ते मला नंतर कळलं. हवालदाराला ड्रायव्हर सापडला होता. श्वास चालू होता, एक पाय मोडलेला. हवालदार सेटवर ओरडत होता, "सापडला, जिवंत आहे, गाडी पाठवा!" आणि आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता. टेकडी चढताना कमरेला घासून सेटची चॅनेल बदलायची कळ फिरली होती. त्यानं टोपीची सावली करून पडदा बघितला होता. पडद्यावर 'खान्देश' होतं. त्याच्या लेखी सगळं ठीक होतं.

ती हाक ऐकली धुळ्याच्या बिनतारी कक्षातल्या एका महिला पोलिसानं. आवाज ओळखीचा नाही, तिच्या पडद्यावर नुसता एक आकडा. चुकीचं चॅनेल आहे म्हणून तिनं सोडून दिलं नाही. टॉवर, उतार, वाट, सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या हातानं जळगावच्या कंट्रोलला फोन लावला. मग हवालदार म्हणाला, "मॅडम, याचे डोळे मिटायला लागलेत." तिनं सांगितलं, "सेट त्याच्या कानाला लावा."

ती ड्रायव्हरशी खान्देशी बोलीत बोलू लागली. "भाऊ, डोया मिटू नको. कोन गावना शे तू?"

हवालदारानं बटण दाबून धरलं. बऱ्याच वेळानं फुटका आवाज निघाला, "शिरपूर..."

"घरमा कोन कोन शे?"

"माय शे... दोन पोरी..."

"त्यासना नाव सांग. बोलत ऱ्हाय भाऊ, बठ्ठं सांग माले."

कंट्रोलचा निरोप मला पोहोचला आणि आम्ही त्या उताराला धावलो, तेव्हाही ती बोलत होती. आम्ही ड्रायव्हरला उचललं तेव्हा तो तिला धाकट्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होता. त्या बाईला मी आजवर पाहिलेलं नाही. पण कित्येक कोसांवरच्या अनोळखी माणसाचा जीव तिनं नुसत्या आवाजानं धरून ठेवला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ड्रायव्हर वाचला. पळालेले दोघंही पुढे सापडले.

सेटबद्दल मी वर लेखी कळवलं. कंपनीचा इंजिनियर आला. एसी केबिनमध्ये पडदा बघून म्हणाला, "सर, स्पष्ट तर दिसतंय." मी त्याला अंगणात उन्हात नेलं, सेट हातात दिला आणि म्हणालो, वाचा. तो डोळे बारीक करून बघत राहिला. पुढे चॅनेलच्या नावात जिल्हा आधी आला. अक्षरं होती तेवढीच राहिली.

पण या तपासानं मला जे दिलं ते वेगळंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घटनास्थळाचा पंचनामा करायला आम्ही त्या झाडापाशी गेलो. कडुनिंबाचं एकटं झाड, खोडाला दोर तसाच. मी खाली बघितलं. खोडाभोवती जमीन अर्धगोलात घासून गुळगुळीत झाली होती. पश्चिमेकडून सुरू होऊन उत्तरेवरून पूर्वेकडे गेलेला एकच पट्टा. कमरेला दोर, एक पाय मोडलेला, तोंडाला पाणी नाही. आणि तो माणूस सावली सरकेल तसा तिच्या मागोमाग फरफटत सरकत गेला होता. पहिला अख्खा दिवस, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पश्चिमेकडूनच.

नोकरीभर मी माणसं मरताना आणि मारताना बघितली होती. जगण्यासाठी माणूस काय करतो, ते इतक्या स्पष्ट अक्षरात कुठे लिहिलेलं मी त्याआधी वाचलं नव्हतं.

पंच म्हणून जवळच्या गावातले एक म्हातारे आबा आले होते. लेखनिकानं माप घ्यायला त्यांना पुढे बोलावलं. आबा त्या पट्ट्याच्या कडेला थांबले, थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि अनवाणी आत गेले.

मीही बूट काढले.