तीन हिसके

आमच्या नेकनुरात आबा कुणाच्या घरी गेले, की पुढे केलेली खुर्ची आधी तीनदा हलवून बघत आणि मगच बसत. यजमानाला राग यायचा. खरं तर आबांचा संशय यजमानावर नसे, खुर्चीवर असे. यजमानाची पाळी नंतर यायची.

उमेदीत ते बायकोसोबत ऊसतोडीला जात. पुढे कैक वर्षं त्यांनी नेकनूर-बीड जीप चालवली. जीप मोडीत निघाली तरी कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की गाडी आधी आबांच्या दारात उभी राहायची. डिकी त्यांनी लावायची, टपावरचं त्यांनी बांधायचं. खांद्यावर सुती दोर आणि कपाळाला आठी. प्रत्येक गाठीला तीन हिसके ठरलेले: एक पुढे, एक मागे, एक वर. आपण "घट्ट आहे" म्हटलं की ते चौथा देत. "घट्ट हाय म्हणणारा माणूस आदी तपासावा," असं ते त्या माणसाच्या तोंडावर सांगत.

लवचिक रबरी पट्टे त्यांना मंजूर नव्हते. वाऱ्याला ते चोर म्हणत. ताडपत्रीचा एक कोपरा मोकळा सापडला की तो अख्खी ताडपत्री नेतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा माझं पुस्तकांचं खोकं त्यांनी दोनदा उचलून पाहिलं. "गुरुजी, हे खाली, सीटच्या पाठीला चिकटून. पुस्तकं लई वाईट. गरीब दिसत्यात." वाचनाविषयी इतकं नेमकं मत मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दाजींचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, गावात सत्कार झाला. कशाबद्दल, ते निमंत्रणपत्रिकेवरही नव्हतं. शाल, नारळ आणि काळ्या दगडाच्या बैठकीवर उधळलेला पितळी घोडा असं मिळालं. दुसऱ्या दिवशी दाजी धर्मापुरीला परत निघाले. आई महिनाभर लेकीकडे राहणार होती, तिला पोचवायला मीही निघालो. घोडा दाजींनी मागच्या काचेखालच्या फळीवर मांडला. मागून येणाऱ्या वाहनांनाही सत्कार कळावा, हा हेतू असावा. फळीच्या पुढे, बरोबर मध्ये, आईचं डोकं येत होतं.

"जावईबापू, हे जनावर खाली घ्या," आबा म्हणाले.

"कावून? पाच किलोचा आहे आबा. कुठं जातोय?"

आबांचा चेहरा एकदम उतरला. एरवी वाद घालणारा माणूस, पण त्यांनी सरळ घोडा उचलला, गोधडीत गुंडाळला आणि डिकीत तळाला, सीटच्या पाठीला टेकवून बॅगांखाली दाबला. फळीवर फक्त शालीची घडी राहिली.

गावाबाहेर पडताच दाजी "टायर बघतो" म्हणून उतरले आणि घोडा पुन्हा फळीवर आला. मी बघितलं आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. आईनेही बघितलं आणि पदर सारखा केला. आमच्याकडे जावयाला कुणी टोकत नाही. त्यासाठी डोकं फुटलं तरी चालतं.

फाट्यावर पुलाच्या कठड्यावर आबा बसलेले होते. शेतातल्या वाटेनं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आमच्या आधी पोचले होते. त्यांनी हात आडवा केला.

"टायर बगितलं का?"

"बघितलं," दाजी म्हणाले.

"घोडा काय म्हणतो?"

घोडा मुकाट्यानं डिकीत गेला. "एवढा संशय बरा नाही आबा," दाजी चिडून म्हणाले.

"तुमच्यावर न्हाई बापू. तुमच्या घोड्यावर हाय," आबा म्हणाले. अर्थात हे खोटं होतं.

केज ओलांडल्यावर शेतातून एक मोटारसायकल अचानक रस्त्यावर आली. दाजींनी करकचून ब्रेक दाबला. मागून काहीतरी आईच्या कानाजवळून सुटलं आणि पुढच्या काचेवर आदळलं. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले. माझ्या पायाशी सत्काराचा नारळ पडला होता. तो शालीच्या घडीत होता.

घोडा डिकीतून तसूभरही हलला नव्हता. दाजी उतरले आणि आईच्या बाजूचं दार उघडून नुसतेच उभे राहिले. "लागलं नाही हो," आईनेच त्यांची समजूत काढली.

परत आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "शाल झटकायला पायजे होती," एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले.

मग त्यांच्या बायकोनं, आम्ही तिला मावशी म्हणतो, सांगितलं. मावशीच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. कोयत्यानं गेली असणार, असं आम्ही सारे धरून चाललो होतो. "वरवंट्यानं गेली," ती म्हणाली. "तोडीला निघालतो. ट्रॉलीत ह्यांनी सगळं बांधलं, डबे, बाज, कोंबड्यांचं डालगंसुद्दा. वरवंटा तसाच ठिवला वर. मी म्हनलं, बांधा. तर म्हनले, जड हाय, कुठं जातोय."

गेल्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. दाजी धर्मापुरीहून आले. अशा वेळीही चार माणसांत पुढे व्हायची त्यांची सवय सुटलेली नाही. तिरडीची शेवटची गाठ त्यांनीच मारली आणि उभे राहत म्हणाले, "घट्ट आहे. उचला."

माणसं वाकली. दारातून मावशी म्हणाली, "जावईबापू, हलवून बगा."

दाजी थांबले. सगळ्या गावासमोर खाली बसले. एक हिसका पुढे दिला, एक मागे. वरच्या हिसक्याला गाठ सुटली.

दाजींनी डोळे पुसले आणि ती पुन्हा बांधायला घेतली.