शेवटून पुस्तक उघडणाऱ्या अक्का

अक्का कोणतेही पुस्तक शेवटून उघडत. नवे पुस्तक हातात आले, की आधी प्रकरणाखालचे प्रश्न, मग अनुक्रमणिका, आणि मग वाटलेच तर मजकूर. गावाकडच्या शाळेत पुस्तक कपाळाला लावून पहिल्या पानापासून वाचायला शिकलेल्या मला हे पाहून पहिल्यांदा धक्काच बसला होता. कुणाच्या तरी घरात मागच्या दाराने शिरावे, तसे ते वाटले.

सत्तरच्या दशकात मी शिकायला सोलापुरात आलो आणि शुक्रवार पेठेत अक्कांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. कपाळावर विभूती, घरात कानडी, शाळेत मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. पोरंबाळं, सासूबाई आणि नोकरी सांभाळून त्या बाहेरून बी.ए.ला बसल्या होत्या. मीही त्याच वर्षाला होतो. अर्थशास्त्राचे जाडजूड पुस्तक आम्हा दोघांत मिळून एकच होते.

शेवटच्या वर्षी ज्वारीच्या काढणीला मी गावी, मंगळवेढ्याला गेलो आणि अडकलो. वडिलांचा पाय मोडला. खळे उरकून परतलो तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. निघताना वडील म्हणाले, "यंदा झालास तर बरं. न्हाय झालास तर कपडे घिऊन घरी ये. बैलामागं माणूस कमी हाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालेले नव्हते, आणि मला पुन्हा एक वर्ष देण्याची त्यांची ऐपत नव्हती, हे मला कळत होते.

म्हणून मी निश्चय केला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो. मधल्या भिंतीपलीकडे अक्का भाकऱ्या थापत होत्या. थोड्या वेळाने थापण्याचा आवाज थांबला.

"काय वाचतोस रे, मंगळवेढ्या?"

"प्रस्तावना, अक्का."

"कालपण लेखकाच्या बायकोचे आभार चालले होते. त्याला किती मार्क असतात?"

मी म्हणालो, एकही ओळ गाळायची नाही असे आमच्या गुरुजींनी सांगितले आहे. अक्का पिठाच्या हातांनी दारात आल्या. "गुरुजींचं बरोबरच आहे की. पण गुरुजींनी तुला वर्षभर वेळ दिला होता. तुझ्याजवळ आता आहे का तो? नाही ना? मग ये हितं, चुलीजवळ बस."

त्या दिवसापासून माझी शाळा चुलीजवळ भरू लागली. अक्कांची पद्धत अशी, की तव्यावर भाकरी टाकली की ती शेकेपर्यंत एक पान बघायचे. पहिली ओळ, शेवटची ओळ, ठळक अक्षरे, आणि एखादी आकृती असली तर ती. भाकरी उतरली की पुस्तक मिटायचे आणि पुढची थापता थापता पानात काय होते ते आपल्या शब्दांत म्हणायचे. "लेखक पहिल्या ओळीत सांगतो आणि शेवटच्या ओळीत आटोपतो," त्या म्हणत. "मधे तो पाहुण्यासारखा गप्पा मारत बसलेला असतो. आपल्याला वेळ असला तर बसावं त्याच्याजवळ." मी एखाद्या परिच्छेदात रेंगाळलो, की कानडीत एकच शब्द यायचा, "साकु." पुरे. अक्का जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण पुस्तकावर उगाच रेंगाळलो की तो "साकु" मला अजून ऐकू येतो.

तरी पुस्तक एक आणि माणसे दोन, ही अडचण होतीच. त्या शाळेत गेल्या की ते माझ्याकडे, आल्या की त्यांच्याकडे. एका रविवारी अक्कांनी विळी पुढे ओढली, पुस्तक उघडे करून पात्यावर धरले आणि शिवणीतून सरळ दोन भाग केले. आमच्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. अक्कांनी वाकळ शिवायच्या सुईदोऱ्याने दोन्ही भाग टाचले आणि एक माझ्यासमोर ठेवला.

त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, पान लावत बसले होते. ते म्हणाले, "आमच्या भावांच्या वाटण्या झाल्या, आता पुस्तकाचीपण केलीस का?"

"तुमच्या वाटणीनं बोलणं बंद झालं," अक्का म्हणाल्या, "आमच्या वाटणीनं आता सुरू होईल."

झालेही तसेच. मी माझा अर्धा भाग चाळायचा, त्यांनी त्यांचा, आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायचे. मी पुस्तकी भाषेत सुरू झालो की त्या हात वर करत. "हे त्यांचं झालं. तुझं सांग." त्यांना सांगायचे असले की दाखल्याला स्वयंपाकघर पुरत असे. घटत्या उपयोगितेचा नियम त्यांनी एका दमात संपवला. "पहिली भाकरी भुकेची, दुसरी चवीची, तिसरी माझ्या आग्रहाची, आणि चौथी वाढली तर तू उद्यापासून जेवायलाच यायचा नाहीस. झाला नियम."

काही प्रकरणे त्यांनी सरळ सोडून द्यायला लावली. मला भीती वाटे, नेमके तेच आले तर? आणि अर्थशास्त्राच्या पेपरात सोडलेले एक प्रकरण आलेच. पण घटती उपयोगिताही आली. मी भाकरीसकट ती लिहिली. बाहेर अक्का भेटल्या. मी सोडलेल्या प्रश्नाबद्दल बोलू लागताच म्हणाल्या, "लिहिलंस ते बोल की. न लिहिलेल्याला कोण तपासणार आहे?"

निकालाच्या दिवशी वडील सकाळच्या एसटीने आले. मला न्यायलाच आले होते. वर्तमानपत्रात माझा नंबर निघाला, अक्कांचाही निघाला. अण्णांनी दोन्ही नंबर बोट ठेवून ठेवून तपासले आणि पेढे आणायला गेले. वडील भिंतीला टेकून चहा पीत होते. मी झालो म्हणजे नक्की काय झाले, हे त्यांना अजून कुणी समजावले नव्हते.

"बाई," त्यांनी अक्कांना विचारले, "म्हंजे समदी पुस्तकं वाचून झाली म्हना की त्याची?"

मी खाली पाहिले. वर्षभराचे धान्य विकून शिकवलेल्या मुलाच्या बापाला काय सांगणार?

"छे, निम्मीपण नाही," अक्का म्हणाल्या. "परीक्षेला लागतं तेवढंच बघितलं. मीच तसं करायला लावलं. वेळ कुठं होता त्याला?"

वडिलांनी कप खाली ठेवला. "मग ऱ्हायलेलं?"

"राहिलेलं आता वाचायचं. पहिल्या ओळीपासनं, सावकाश. त्यासाठी पुढं एम.ए. असतं. मन आहे त्याचं, तुम्हाला विचारायला भितोय."

मनातले ते मी अक्कांजवळही कधी बोललो नव्हतो. वडिलांनी कप पुन्हा उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग हितंच. अर्ध्या ताटावरनं मानूस उठवत न्हाईत. बैलामागं मी बगतो."

अक्कांनी वडिलांच्या खांद्यावरच्या धडप्यात कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली. मंगळवेढ्याच्या गाडीत मी बसणार होतो त्या खिडकीजवळच्या जागेवर वडिलांनी ते गाठोडे ठेवले, आणि स्वतः लंगडत शेजारी जाऊन बसले.