बापटची ट्वेंटी-एट बोअर

माणूस एकदा एखाद्या नादाला लागला की त्याचे किस्से गोळा करायला वेगळी मेहनत पडत नाही. शेजारी बसलेल्याच्या ताटात ते आपोआप वाढले जातात. आमच्या एडिनबराच्या मंडळींत माझ्या ताटात आला तो बापट!

बापट ऑर्थोपेडिक सर्जन, मी भूल देणारा. पंचवीस वर्षं एकाच थिएटरमध्ये काढली. मागच्या वर्षी तो रिटायर झाला आणि सुकायलाच लागला. फोन केला की "चाललंय" एवढंच उत्तर. खरं सांगतो, मला त्याची काळजी वाटायला लागली होती. मग बंदुकीचं खूळ आलं, आणि काळजीची जागा गोंधळानं घेतली.

*

सुरुवात डगीपासून. डगी म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बॉर्डर्सकडचा एक गेमकीपर, माळरानाची आणि तिथल्या पाखरांची राखण करणारा. बापटनं त्याचा खुबा बदलला होता. त्या उपकारापोटी त्यानं बापटला (आणि सोबत म्हणून मला) एक दिवस माळावर बोलावलं. हातात दिली जाडजूड ट्वेल्व्ह बोअर बंदूक, समोर उडवल्या नेमासाठी मातीच्या चकत्या.

संध्याकाळी बंदुकीचे धक्के खाऊन बापटचा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता. तो आरशासमोर उभा राहून स्वतःलाच तपासत होता.

"सॉफ्ट टिश्यू आहे. दोन आठवडे आराम," तो म्हणाला.

"कन्सल्टंटचं मत का?" मी विचारलं.

"नाही रे, पेशंटचं. कन्सल्टंट म्हणतोय, उद्या परत जाऊ!"

डगीनं मात्र सांगितलं, "डॉक्टर, लहान बोअरची घ्या. गोळी झाडायची दोनदा, पण बंदूक वागवायची दिवसभर." झालं! बापटला कामाला विषय मिळाला.

*

आता हे बोअरचे आकडे. ट्वेल्व्ह मोठी, ट्वेंटी तिच्याहून लहान आणि ट्वेंटी-एट त्याहून लहान! माझं डोकं तिथंच थांबलं. बापट तासभर नळीचा व्यास समजावत होता.

शेवटी त्याची बायको, अलकावहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. एक पाउंड शिसं घ्यायचं. त्याचे बारा लाडू वळले तर मोठे होणार, अठ्ठावीस वळले तर बारके. लाडू जेवढा, नळी तेवढी."

बापट थक्क! मी विचारलं, "आणि ही फोर-टेन म्हणजे चारशे दहा लाडू?"

"छे, ते इंचात. पॉइंट फोर वन झिरो इंच. लाडवांत मोजलं तर सदुसष्टच्या आसपास," बापट म्हणाला.

"मग सदुसष्ट का नाही म्हणत?"

बापटनं माझा कोट आणून हातात दिला. मग म्हणाला, "तू उद्या ये."

एवढं समजूनही वहिनींचा निकाल ठरलेला होता. "रानात काय ती हौस करा. या घरात बंदूक येणार नाही!"

*

तरी आम्ही दुकानात गेलोच. बापटकडे स्प्रेडशीट होती. बंदुकीचं वजन, नळीची लांबी, खांद्याला बसणारा धक्का... पक्षी हा रकाना तेवढा रिकामा.

दुकानदार म्हातारा होता. त्यानं ती स्प्रेडशीट बघितलीच नाही. "माझ्या नाकाकडे बोट दाखवा," म्हणाला. बापटनं दाखवलं. "हात उजवा आहे, पण नेम डावा डोळा धरतोय. मास्टर आय डावा तुमचा!"

बापटचा चेहरा पांढरा पडला. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी कुठल्या डोळ्यानं ऑपरेशनं केली?"

"पेशंट झोपलेले असायचे. कुणाची तक्रार आली नाही," मी म्हणालो.

पण त्याच दुकानात त्याला ती सापडली. सेकंडहँड ट्वेंटी-एट बोअर, दोन नळ्या शेजारी-शेजारी, हातात घेतली तर छत्रीएवढीच वाटावी. दुकानदारानं तिला बापटच्या नावाची चिठ्ठी बांधली. "लायसन आणा आणि घेऊन जा. ख्रिसमसपर्यंत थांबतो. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक आहे."

*

लायसन येईपर्यंत डगी सोबत राहून आपल्या बायकोची ट्वेंटी-एट बापटच्या हातात द्यायचा. सप्टेंबरातली सकाळ, माळभर जांभळ्या फुलांची हेदरची झुडपं, पुढे हुंगत चाललेली कुत्री. बापट तीन तास तो चढ चढला आणि एकदाही आपल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलला नाही! अचानक पायाजवळून नऊ ग्राउस फडफडत उठले. बापटनं बंदूक उचलली, डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, पुन्हा डावीकडे. पक्षी टेकडीपलीकडे गेले.

"कुठल्यावर मारू तेच कळेना!"

डगी शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, माझा खुबा बदलताना तुम्ही अख्ख्या वॉर्डाकडे बघत होतात का?"

बापट हेदरमध्ये बसून हसत सुटला. वर्षभरानंतर मी त्याचं हसू ऐकत होतो.

*

आणि मग तो पोलिसांचा दिवस. शॉटगनचं लायसन द्यायच्या आधी इथं पोलिसांचा माणूस घरी येऊन बघतो. आली एक शांत, वहीवाली बाई. मी बापटचा रेफरी, म्हणजे हा माणूस बरा आहे अशी ग्वाही देणारा, शिवाय धीर द्यायला हजर. मला किचनमध्ये चहाला पिटाळलं होतं, पण दार उघडं होतं.

बाईंनी बापटनं वहिनींना न जुमानता जिन्याखाली भिंतीला पक्कं केलेलं बंदुकीचं लोखंडी कपाट बघितलं, पोहे खाल्ले, आणि वहिनींना विचारलं, "तुमचे मिस्टर माणूस म्हणून कसे आहेत?"

आता आमच्याकडे पाहुण्यांसमोर नवऱ्याचं कौतुक करायची पद्धत नाही. वहिनी सुरू झाल्या. "विसराळू! चष्मा डोक्यावर आणि शोधतात घरभर. तापट! रिमोट सापडला नाही की तासभर अबोला. ऐकत तर कुणाचंच नाहीत."

बाई लिहीत होत्या. बापट डोळे मिटून बसला होता. चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात बंदूक आली तर तुम्हाला भीती वाटेल?"

वहिनींनी पोह्यांची रिकामी बशी उचलली. मग हळू म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर हे रोज सहाला उठून दाढी करायचे, टाय लावायचे, आणि बागेकडच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत बसून राहायचे. दुपारी टाय सोडायचे. मला भीती त्याची वाटायची. आता रविवारी चिखलाचे बूट घालून जातात आणि भूक लागली म्हणत येतात. आणि चाळीस वर्षांत या माणसानं माझ्यावर कधी हात उगारणं सोडा, आवाजसुद्धा चढवलेला नाही. द्या त्यांना."

बापटनं डोळे उघडले. बाईंनी दोन ओळी लिहिल्या आणि पोह्यांची रेसिपी विचारून गेल्या.

तीन आठवड्यांनी लायसनचं सर्टिफिकेट आलं. बापटनं मला तातडीनं बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा पाकीट टेबलावर तसंच पडलेलं, आणि हा स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"अगं, त्या बाईंना शेवटी जे सांगितलंस... ते मनापासून होतं, की लायसनसाठी?"

वहिनी पोळी लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मिळालं ना लायसन?"