पितळी गोळा

बायको गेली, तिलाही हे कळलं नाही. मुलांना मी सांगणार नाही. तुम्हाला सांगतो — पण सुरुवात कुठून करावी, ते अजून जमत नाही.

निजामाच्या राजधानीत, नल्लकुंट्याच्या आमच्या घरी पडवीत धातू कातायची, पायाने चालवायची लहान लेथ होती. मी शाळेत गणित शिकवायचो. लेथ हा नाद. शेजारचा हबीब सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. त्यालाही तोच नाद. धातूचा गोळा कातायला मी घरीच लेथला लावायची एक जोड बनवली होती; पण हत्यार ज्या खिळीवर फिरायचं ती ढिली — हत्यार थरथरायचं, गोळ्यावर वळ उठायचे. हबीबने हत्याराला दोन्हीकडून धरणारी कमान सुचवली. ती बसवली, आणि पितळी गोळा गुळगुळीत निघाला. हबीबने तो गालावर फिरवून पाहिला. मग काय — हँडलच्या मुठी म्हणून आम्ही गोळे करतच सुटलो. भोक पाडायचं, आत आटे पाडायचे. बरेच हबीबने घरी नेले.

पुढे हिंदुस्थानची फौज शहरात आली, निजामाचं राज्य संपलं. काही दिवसांनी हबीबच्या घराची झडती झाली. भोकं पाडलेले धातूचे गोळे — बॉम्बच वाटणार ना?

मला तिथे बोलावलं. हबीबला बाहेर गाडीत बसवलं होतं. मला आत जाताना पाहून त्याचा चेहरा निवळला.

अधिकारी मराठीच बोलणारा — भाषेचीही अडचण नव्हती. त्याने गोळा माझ्या हातावर ठेवला.

"मास्तर, हे काय आहे?"

माझी लेथ भिंतीपलीकडेच होती. त्याला तिथे न्यायचं, गोळा हँडलला बसवून दाखवायचा. एवढंच.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

भीती? होती. पण मला कोणी धमकावलं नव्हतं — साधं दरडावलंही नव्हतं.

घरी येऊन मी जोड सुटी केली आणि विहिरीत टाकली.

हिवाळा सरल्यावर हबीब सुटला. तोवर त्याची आई वारली होती, नोकरी गेली होती. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, पेन्सिल धरवेना. घरी न जाता तो आधी माझ्याकडे आला.

"तुम बोले होंगे ना मास्टर, तब्बीच छोड़े मेरेकु."

"हो," मी म्हणालो. "बोललो होतो."

जिवंत असेपर्यंत तो हे गल्लीत सगळ्यांना सांगायचा. मी शेजारी बसून ऐकायचो.