आबांचा खोटा मलेरिया

माझ्या सासऱ्यांना मलेरिया मी दिला. डासाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

हिंगोली जिल्हा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तिथं नर्सचं शिक्षण घेत होते. लेखी पेपर म्हटला की मी पुरवण्यांवर पुरवण्या लावायची, पण तोंडी परीक्षा म्हटली की माझी जीभ टाळूला चिकटायची. तोंडीला बाई कुणालातरी पेशंट म्हणून समोर बसवायच्या. त्याला लक्षणं विचारायची, रोग ओळखायचा आणि उपचार सांगायचा. सराव परीक्षेत त्यांनी माझ्यासमोर चांगला मिशीवाला शिपाई बसवला आणि मी घाबरून त्याला विचारलं, "कितवा महिना?" (तो बिचारा पुढं कितीतरी दिवस मला बघितलं की जिना बदलायचा.)

म्हणून अभ्यासाच्या रजेवर शिरड शहापूरला घरी आले तेव्हाच ठरवलं होतं, आता सराव जिवंत माणसावर! आठ दिवस मी भाकरी थापतानासुद्धा मोठमोठ्यानं लक्षणं पाठ करत होते. परीक्षेच्या आदल्या दुपारी पेशंटचा शोध सुरू केला. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला आजारी पडायला टाईम न्हाई!" आणि शेजारच्या गल्लीत कुरडया घालायला निघून गेल्या. नवरा शिरडच्या स्टँडवर सायकलचं दुकान चालवायचा, तो पंक्चर सोडून येणं शक्यच नव्हतं. राहिले सासरे, म्हणजे आबा.

आबा तर वाटच बघत होते! दर जयंतीला आमच्या वस्तीत नाटक बसायचं आणि आबा त्यात दरवर्षी मरायचे. इतके छान मरायचे की बायका पदर तोंडाला लावायच्या. त्यांना मी रोगांच्या पाच चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि त्यातली एक उचलायला सांगितली. त्यांनी उचलली, डोळे बारीक करून वाचली, तोंडात टाकली आणि चक्क गिळली!

"आबा! काहून गिळली?"

"पुरावा नको. आता ऐक सुमन. मी मधीच बास म्हणलो तरी सोडायचं न्हाई. खरा रोगी असाच कटाळतो. समदं विचारून घ्यायचं, बराबर?"

"बराबर!"

"मग गोधड्या आण."

"किती?"

"हायेत तेवढ्या."

मे महिना. दुपारचे दोन. वर पत्रे, खाली आबा आणि मध्ये चार गोधड्या. त्यात लाईट गेलेली. आबांनी थंडीनं थरथरायला सुरुवात केली ती अशी की बाज सरकत सरकत दारापाशी आली! तोंडात दात चारच, पण ते त्यांनी चाळीस असल्यासारखे वाजवले.

"थंडी रोज वाजते का एक दिवसाआड?" मी वही उघडून विचारलं.

"दि... दि... दिवसाआड!"

"मलेरिया!" मी उडीच मारली. "ओळखला, आबा! मलेरिया!"

"वळखला, पण सोडू नको," गोधडीतून आवाज आला. "फुडचं घे."

पुढचं म्हणजे मलेरियाच्या तीन अवस्था: आधी थंडी, मग ताप, मग घाम. मी थंडीपुढे बरोबरची खूण केली आणि आबांच्या कपाळाला हात लावला. चटका बसला!

"आबा! ताप कसा काय आणला तुमी?"

"गरम होऊन राहिलं गं."

"वा! दुसरी अवस्था!" दुसरी खूण.

थोड्या वेळानं आबांच्या कानशिलावरून घामाच्या धारा लागल्या. उशी भिजली, गोधडीची कड भिजली. मला तर भरून आलं. कुठला सासरा सुनेच्या परीक्षेसाठी एवढा घाम काढतो? तोही पुस्तकातल्या क्रमानं!

"सुमन, गोधडी काढ. जीव घाबरून राहिला."

"हे पुस्तकात नाही, पण चालेल."

"पोरी, खरंच काढ."

"असंच 'खरंच' म्हणत राहा, आबा! फार खरं वाटतं!"

"बास झालं गं माय!"

"बास म्हटलं तरी सोडायचं नाही म्हणाला होतात ना? मी नाही सोडत!" असं म्हणून मी गोधडीच्या कडा अंगाखाली आणखी दाबून बसवल्या. (हे वाचून कुणाला माझा राग आला असेल तर त्यांनी रांगेत उभं राहावं. पुढे मी स्वतः आहे.)

एवढ्यात शेजारच्या गोकर्णाकाकू विरजण मागायला आल्या. बाज दारातच असल्यामुळे त्या थेट आबांवर येऊन धडकल्या.

"अगं बया! काय झालं आबाला?"

"मलेरिया," मी वहीतून मान वर न करता म्हणाले. मग लक्षात येऊन घाईनं सांगितलं, "पण खोटा आहे हो, काकू! खोटा मलेरिया!"

काकू वाटी तिथंच टाकून पळाल्या. अंगणातून त्यांचा आवाज अख्ख्या वस्तीत गेला, "धावा वो! आबाला खोटा मलेरिया झाला!"

पाच मिनिटांत घरात मुंगी शिरायला जागा उरली नाही. जो येईल तो बाजेवर वाकून आबांचा उरलासुरला वारा अडवू लागला.

"हा नवीन निघाला का?"

"व्हय, खरा बरा. खरा गोळ्यानं जातो. खोट्याला औषधच न्हाई म्हणत्यात."

"मंग गोळ्या देऊन तर बघा!"

"रक्ताची तपासणी झाल्याशिवाय गोळी नाही!" मी पुस्तकातलं वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं. उत्तर बरोबर होतं. रोग तेवढा चुकीचा होता.

कुणीतरी स्टँडवर निरोप धाडला. नवरा काळ्या हातांनी धावत आला, येताना औंढ्याची भरलेली जीप घेऊन. जीपवाला उतारूंना म्हणाला, "पेशंट बसवायचा हाय, जरा सरकून घ्या." सरकायला जागाच नव्हती, म्हणून अख्खी जीप खाली उतरून पेशंट बघायला आत आली!

"सुमन, काय केलंस आबाला?" नवरा ओरडला.

"सराव! अहो, नाटक आहे हे! आबा, तुमीच सांगा ना सगळ्यांना."

आबांनी अर्धे डोळे उघडले. "नाटक... व्हतं," म्हणाले, आणि बाजेवरून उठायला गेले. पाय लटपटले आणि ते जीपमधल्या दोन उतारूंच्या अंगावर तसेच कोसळले.

मी टाळ्या वाजवल्या.

दोन-तीन टाळ्या वाजल्यावर कळलं की वाजवणारी मी एकटीच होते.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि आत्याबाई आल्या, कोपरापर्यंत कुरडयांचा चीक लागलेल्या. त्यांनी आबांकडे एकदा बघितलं, गोधड्यांकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

"समदे बाहेर व्हा! ऊन लागलंय त्यांला, दिसंना का? उचला, लिंबाखाली घ्या! सदरा काढा, धोतर सैल करा! ए जीपवाल्या, बघून काय राहिला, वारा घाल!"

आबांना लिंबाखाली निजवलं. आत्याबाई ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसू लागल्या. मी नाडी धरली, ती नुसती पळत होती. हे नाटक नाही, हे आता मलाही कळलं. वही कुठे पडली, पदर कुठे गेला, काही कळेना.

"साखरमिठाचं पाणी कर!" आत्याबाई म्हणाल्या.

घरात धावले. तांब्या घेतला, डबे काढले आणि डोकं कोरं! मीठ किती, साखर किती? डब्यासमोर उभी राहून मी रडायलाच लागले.

खिडकीतून आत्याबाईंचा आवाज आला, "लिटरभर पाणी, मूठभर साखर, चिमटीभर मीठ! आठ दिस झालं चुलीपाशी बोंबलून राहिलीस! मला पाठ झालं अन् तुला न्हाई?"

आबा घोट घोट पाणी पीत राहिले. मी चमचा धरला होता, तो त्यांच्या दातांवर वाजत होता. या वेळी थरथरत मी होते. अर्ध्या तासानं त्यांची नाडी जागेवर आली, डोळे नीट उघडले. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुमन, रोग कोणता?"

"ऊन लागलं, आबा," मी हुंदके देत म्हणाले.

"बराबर. पण लई उशीर लावला."

मग त्यांना जीपमधून दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धोका नाही, आराम करा, पाणी प्या, आणि पांघरायला मे महिन्यात एवढं काही घेऊ नका. जीपमधले उतारू निकाल ऐकल्याशिवाय औंढ्याला जायला तयार नव्हते, तेही सगळे बाहेर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगोलीला परीक्षेच्या खोलीत उभी राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई समोर, आमच्या बाई बाजूला. डोळे सुजलेले, पण रोग सगळे तोंडपाठ. या वेळी समोर पेशंट नव्हताच. परीक्षक बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मे महिना आहे. शेतात काम करता करता एक म्हातारा माणूस गरगरून पडला. खूप घाम आलाय, अशक्तपणा आहे. परिचारिका म्हणून तुम्ही सर्वांत आधी काय कराल?"

आयुष्यात पहिल्यांदा तोंडी परीक्षेत माझी जीभ टाळूला चिकटली नाही. क्षणाचाही विचार न करता मी खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "सासूबाईंना हाक मारीन!"