ठमीची कंठी

शेडमामांनी तीस वर्षं रंगांच्या दुकानात गिऱ्हाइकांना शेड जुळवून दिल्या होत्या. त्यामुळे घरातली पिवळी पोपटीण उडाली, तेव्हा त्यांनी गल्लीभर कागद चिकटवले : ‘ठमी हरवली आहे. पाठ शेड ४१, पोट ३८, चोच २१२. मानेवर कंठी नाही, म्हणजे मादी.’ ते वाचून दोघांनी भिंती रंगवायचा भाव विचारला. पोपट कुणी आणला नाही.

खिडकी मामांनीच उघडी ठेवली होती, गजांचा रंग वाळावा म्हणून. तेव्हापासून आठ महिने मामी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या आणि त्यांच्या मते काम फारसं नव्हतं.

एका सकाळी पक्ष्यांच्या दवाखान्यातून फोन आला. पिवळा पोपट सापडलाय, बघून जा. मामा शेडकार्ड घेऊन निघाले, मामी रिकामा पिंजरा घेऊन.

मामांनी कार्ड दवाखान्यातल्या पिंजऱ्याच्या जाळीला लावलं. पाठ एक्केचाळीस, पोट अडतीस. मामींचा चेहरा उजळला. तेवढ्यात मामांना मानेभोवती गुलाबी रेघ दिसली.

“ही आपली नव्हे,” ते म्हणाले. हा प्रामाणिकपणा त्यांना दुकानातही नडायचा.

मामींनी पिंजरा खाली ठेवला.

“उडाली तेव्हा केवढी होती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन वर्षांची.”

“मग मान कोरीच असणार! या जातीत नराला कंठी फुटते ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. हिरव्याला काळी-गुलाबी, निळ्याला काळी-पांढरी, पिवळ्याला नुसती गुलाबी. तोवर नर काय, मादी काय, दिसायला सारखेच. मामा, तुमची ठमी ठम्या असेल.”

उडालेले रंग मामांनी पुष्कळ पाहिले होते. आपोआप चढलेला ऐकला तो पहिल्यांदाच.

“पण एक्केचाळीस नंबर काय, कुणाचाही असू शकतो,” असं म्हणत ते नीट बघायला एक पाऊल पुढे सरकले.

“पाय पुसा!” पिंजऱ्यातून मामींचा आवाज आला. “पाय पुसा आधी!”

मामी तर दाराशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मामांनी मुकाट्याने पायपुसणं शोधलं आणि पाय पुसले.

“आता नाव बदलावं लागेल,” वाटेत मामा म्हणाले.

“काही नको. या वयात नाव बदलून कुणाचं भलं झालंय? ठमीच म्हणायचं. आणि खिडकीला हात लावाल तर खबरदार! पिंजरा सरळ धरा. असा नाही हो, असा!”

मामी घरापर्यंत बोलायच्या थांबल्या नाहीत. मामा पिंजरा सरळ धरून, कान देऊन, मजेत चालले होते.